गेला, की आपण घालवला?

मागच्या हिवाळ्यात जुन्या कपड्यांच्या एका दुकानात मी लोकरी कोट शोधत होते. आमच्या विस्कॉन्सिनमध्ये अशा दुकानात एक दांडी हिरव्या-पिवळ्या कपड्यांची असतेच; आमच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघाचे, ग्रीन बे पॅकर्सचे ते रंग. त्या दांडीपाशी एक बाई सात-आठ वर्षांच्या मुलाच्या पाठीला जर्सी लावून माप बघत होती. बारा नंबरची, वर रॉजर्सचं नाव. कापड चांगलं होतं, शिवण कुठे उसवलेली नव्हती. मुलाने विचारलं, "हा आपल्याकडून का गेला?" आई म्हणाली, "तो गेला नाही, आपणच त्याला..." आणि थांबली. मग म्हणाली, "म्हणजे, त्यालाच जायचं होतं." तेही तिचं तिला पटलं नसावं. तिने जर्सी परत हँगरला अडकवली आणि दोघं बुटांच्या बाजूला गेली. त्याच दांडीवर पुढे चार नंबरच्या जर्सी होत्या, रॉजर्सच्या आधीच्या ब्रेट फार्व्हच्या. धुवून धुवून पाठीवरच्या आकड्याला तडे गेलेले.

तिचं ते अर्धं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण दुसऱ्या कुठल्या शहरात "आपण घालवला" असं कुणी म्हणालं, तर ते प्रेमाने म्हटलेलं असतं; तिथे संघाचा मालक कुणीतरी अब्जाधीश असतो, खेळाडू काढायचा की ठेवायचा ते त्याच्या घरात ठरतं. ग्रीन बे पॅकर्सला असा मालकच नाही. १९१९ मध्ये इंडियन पॅकिंग नावाच्या मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीने जर्सीला पैसे दिले, म्हणून नाव पॅकर्स. १९२३ पासून संघ लोकांच्या शेअरवर उभा आहे. आज पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत, आणि गावाची वस्ती जेमतेम लाखाच्या वर. शेअरवर लाभांश नाही, नफ्याने विकता येत नाही. हातात येतो तो एक कागद आणि वर्षातून एकदा मतपत्रिका. पण त्या बाईचं "आपण" खरं होतं, आणि म्हणूनच तिला ते पुरं करता आलं नाही.

मी इथे आले २००७ मध्ये, पेपर मिलच्या लॅबमध्ये कामाला. हवेत सतत गंधकाचा वास, नदी गोठलेली, आणि सोमवारी सकाळी लॅबमधल्या कुणाचा चेहरा कसा आहे ते आदल्या दिवशी पॅकर्सनी काय केलं त्यावर ठरलेलं. मला त्या खेळातलं काही कळत नव्हतं. शेजारच्या आजोबांनी समजावलं, तेही मिलमध्येच राबून निवृत्त झालेले. म्हणाले, फक्त एका माणसाकडे बघ. प्रत्येक चालीत चेंडू आधी त्याच्या हातात येतो. अडीच-तीन सेकंद मिळतात; तेवढ्यात कुणाला द्यायचा, कुठे फेकायचा ते त्याने ठरवायचं, आणि तेव्हा समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याला आडवं करायला धावत असतात. तो क्वार्टरबॅक. बाकी सगळं हळूहळू कळेल.

मी पाहिलेला पहिला पूर्ण सामना २० जानेवारी २००८ चा. लॅम्बो फील्डवर, म्हणजे पॅकर्सच्या घरच्या मैदानावर, उणे १८ अंश, पाहुण्या न्यूयॉर्क जायंट्सच्या कोचचे गाल बीटासारखे लाल झालेले टीव्हीवर दिसत होते. फार्व्ह ३८ वर्षांचा होता. १९९२ च्या सप्टेंबरपासून त्याने एकही सामना चुकवलेला नव्हता. अंगठा मोडला तरी खेळला, २००३ मध्ये वडील गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी ओकलंडला खेळला आणि ३९९ यार्ड फेकले. आजोबांच्या दिवाणखान्यात हे सगळं स्तोत्रासारखं म्हटलं जायचं. सामना जादा वेळेत गेला. त्यात फार्व्हने चेंडू फेकला तो जायंट्सच्या खेळाडूच्या हातात गेला आणि थोड्याच वेळात सगळं संपलं, २३-२०. आजोबांनी टीव्ही बंद केला नाही. आवाज बंद केला, आणि मैदानावरून आत जाणाऱ्या माणसांकडे बघत बसले.

मार्चमध्ये फार्व्हने रडत रडत निवृत्ती जाहीर केली. जुलैमध्ये म्हणाला, खेळायचंय.

तोवर संघ पुढे गेलेला. २००५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, अ‍ॅरन रॉजर्स नावाचा क्वार्टरबॅक पोरगा घेतला होता. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या सभागृहात कॅमेऱ्यांसमोर तो तासन्‌तास आपलं नाव पुकारलं जायची वाट बघत बसला होता. २३ जण आधी उचलले गेले. नंतर तीन सीझन तो फार्व्हच्या मागे उभा राहिला, आणि फार्व्हने त्याला शिकवणं हे आपलं काम नाही असं स्पष्ट सांगितलेलं. आता जनरल मॅनेजर टेड थॉम्पसन आणि कोच माइक मॅकार्थी यांनी रॉजर्सला शब्द दिला होता, की संघ तुझा. फार्व्हने घरीच राहावं म्हणून त्याला प्रसिद्धीच्या कामाचा मोठ्या रकमेचा करारही देऊ केला गेला. मला ते तेव्हाही विचित्र वाटलं होतं आणि आजही वाटतं. ज्याच्या जिवावर सोळा वर्षं मैदान भरलं, त्याला मैदानात न येण्याचे पैसे.

३ ऑगस्टच्या रात्री लॅम्बोवर घरच्या लोकांसाठी सरावसामना होता आणि त्याच संध्याकाळी फार्व्हचं विमान ग्रीन बेला उतरलं. विमानतळाच्या कुंपणाला लोक चिकटून उभे. इकडे मैदानात रॉजर्सने चेंडू हातात घेतला की काही जण हुर्यो करत होते. सरावाच्या दिवसांत इथे एक जुनी पद्धत आहे: गावातली मुलं आपापल्या सायकली घेऊन येतात, आणि खेळाडू मैदानापासून सरावाच्या जागेपर्यंत त्या सायकलींवरून जातात. अवाढव्य माणसं, गुडघे हनुवटीला लागलेले, आणि बाजूने हेल्मेट सांभाळत धावणारं पोर. मी ते पहिल्यांदा त्याच उन्हाळ्यात पाहिलं. रॉजर्स कुणाच्या तरी सायकलवरून जात होता, आणि चार नंबरची जर्सी घातलेली दोन मुलं सायकल धरून कडेला उभीच होती. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्या आठवड्यात कोच आणि फार्व्ह यांचं तासन्‌तास बोलणं झालं, आणि दोन दिवसांत त्याला न्यूयॉर्क जेट्सला देऊन टाकला.

मला आजोबांचं वागणं तेव्हा कळलं नव्हतं. त्यांच्याकडे १९९७ च्या विक्रीत घेतलेला शेअर होता, दोनशे डॉलरचा, चौकटीत लावून भिंतीवर. म्हणायचे, थॉम्पसनचं बरोबर आहे, ३८ वर्षांच्या माणसावर संघ किती दिवस लटकवायचा? आणि पुढच्याच वाक्यात आवंढा गिळायचे. भागधारक म्हणून त्यांना पुढची दहा वर्षं दिसत होती. माणूस म्हणून त्यांना ओकलंडची ती रात्र आठवत होती. एका शरीरात दोन्ही, आणि दोन्ही प्रामाणिक. फार्व्ह एक वर्ष जेट्सकडे खेळला, परत निवृत्त झाला, परत आला, आणि या वेळी मिनेसोटा वायकिंग्सकडे, म्हणजे पिढीजात वैऱ्याकडे. १ नोव्हेंबर २००९ ला तो जांभळी जर्सी घालून लॅम्बोवर उतरला. आजोबा स्टेडियममध्ये होते. इथली सीझनची तिकिटं मृत्युपत्रात लिहून ठेवतात, प्रतीक्षायादीत लाखाहून जास्त नावं आहेत; त्यांनी ती जागा वडिलांकडून घेतली होती. फार्व्हने चार टचडाउन, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, फेकले, वायकिंग्स ३८-२६ ने जिंकले, आणि सबंध वेळ नुसता हुर्यो. दुसऱ्या दिवशी मी आजोबांना विचारलं, तुम्ही पण ओरडलात का? ते काही बोलले नाहीत. आजी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "त्यांचा आवाज बसलाय."

अशा भांडणांत लोक पैशावर बोट ठेवतात, आणि पैसा असतोच. १९९४ पासून प्रत्येक संघाच्या पगारावर कमाल मर्यादा आहे. एकाला जास्त दिलं की दुसऱ्याचं कमी होतं, त्यामुळे क्वार्टरबॅकचा करार म्हणजे सगळ्या संघाच्या ताटाचा हिशोब. शिवाय आकडा कितीही मोठा छापून आला तरी त्यातली हमीची रक्कम तेवढी खरी. उरलेली संघ कधीही पुसू शकतो. लमार जॅक्सनची गोष्ट घ्या. बॉल्टिमोर रेव्हन्सचा क्वार्टरबॅक, लीगचा २०१९ चा सर्वोत्तम खेळाडू, एकमताने. त्याने एजंट नेमला नाही, वाटाघाटी स्वतः केल्या, सल्ल्याला आई. २०२२ मध्ये क्लीव्हलंडने डेशॉन वॉटसनला २३ कोटी डॉलर पूर्ण हमीने दिले होते. लमारनेही हमी मागितली. रेव्हन्सनी त्याच्यावर ३ कोटी २४ लाखांचा फ्रँचायझी टॅग लावला, म्हणजे एका वर्षापुरता बांधून ठेवला, आणि दुसऱ्या कुणी बोली लावली तर बघू म्हणाले. एकाही संघाने बोली लावली नाही. २७ मार्च २०२३ ला त्याचा कोच पत्रकारांसमोर बसत असतानाच लमारने जगाला सांगून टाकलं की मी ट्रेड, म्हणजे दुसऱ्या संघात बदली, मागितलाय. महिन्याभरात २६ कोटींवर सही झाली, त्यातले १८ कोटी ५० लाख हमीचे, आणि त्याच वर्षी तो परत सर्वोत्तम खेळाडू ठरला. हे भांडण मिटलं. कारण दोघांनाही एकमेकांची गरज होती आणि प्रश्न फक्त किमतीचा होता.

डेन्व्हरमध्ये त्यांच्या क्वार्टरबॅकचं, रसेल विल्सनचं झालं ते मला जास्त लागलं. २०२३ मध्ये त्याला शेवटचे दोन सामने बाकावर बसवलं. तो खेळताना जायबंदी झाला आणि मार्चपर्यंत बरा झाला नाही, तर पुढच्या एका वर्षाचे ३ कोटी ७० लाख संघाच्या गळ्यात पडणार होते. त्याने ती तारीख पुढे ढकलावी अशी मागणी आधीच झाली होती आणि त्याने ती नाकारली होती. माणूस धडधाकट आहे, खेळू शकतो, आणि तो मोडू नये म्हणून त्याला कपाटात ठेवायचं. काळजीपोटी नव्हे, करारातल्या एका कलमापोटी. कायद्याने त्यात काही वावगं नसेलही. मला ते निर्दय वाटतं.

पण पैशाचं भांडण वेगळं आणि ग्रीन बेचं वेगळं. इथे दोन्ही वेळा पैसा मुद्दा नव्हता. मुद्दा होता, माझं संपलं हे कोण ठरवणार?

रॉजर्सने २०११ च्या फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला. मिलमध्ये दुसऱ्या दिवशी यंत्रं चालू होती, पण माणसं नुसती एकमेकांच्या पाठीवर थापा मारत हिंडत होती. चार वेळा तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. आणि २०२० च्या एप्रिलमध्ये, आदल्या सीझनला संघ अंतिम फेरीपासून एक सामना लांब राहिलेला असताना, पॅकर्सनी ड्राफ्टमध्ये वर सरकून २६ व्या क्रमांकाला जॉर्डन लव्ह घेतला. आणखी एक क्वार्टरबॅक. रॉजर्सला आधी कुणी कळवलं नाही. घरातलं माणूस चांगलं हिंडतं-फिरतं असताना सुताराने येऊन त्याच्या खोलीचं माप घ्यावं, तसं. जनरल मॅनेजर ब्रायन गुटेकुन्स्ट यांनी पुढे मान्य केलं की आधी बोलणं व्हायला हवं होतं. २०२१ च्या ड्राफ्टच्याच दिवशी बातमी फुटली की रॉजर्सला परत यायचं नाही. जुलैच्या शेवटी तो आला आणि पत्रकारांपुढे बसून, आवाज न चढवता, मनातलं सगळं बोलला. माझ्या कामावर ज्यांचा परिणाम होतो असे निर्णय घेताना मला विचारात घ्या, एवढीच मागणी. मग त्याने नावं घेतली: चार्ल्स वुडसन, जॉर्डी नेल्सन, ज्युलियस पेपर्स, क्ले मॅथ्यूज, रँडल कॉब. ज्यांना नीट निरोप मिळाला नाही असे जुने सहकारी. मी ते लॅबमध्ये फोनवर ऐकत होते. करोडोंचा धनी असलेला माणूस दुसऱ्यांच्या निरोपाबद्दल बोलत होता आणि मला त्यात खोट दिसली नाही. कॉबला त्याच आठवड्यात परत आणलं.

मग नोव्हेंबर आला. लशीबद्दल त्याने जे गोलमोल सांगितलं होतं ते उघड झालं, कोविडमुळे तो एक सामना मुकला आणि लव्ह पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला. आजोबा त्या वर्षी श्वासाच्या दुखण्याने अंथरुणाला होते. आजींनी बारा नंबरचा मग फडताळाच्या मागच्या बाजूला सरकवला. त्याच महिन्यात संघाने नवे शेअर काढले, तीनशे डॉलरला एक. मी घेतला. आजोबांना नेऊन दाखवला तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, आता तूही जबाबदार.

८ जानेवारी २०२३ ला डेट्रॉइटने लॅम्बोवर आम्हाला हरवलं. सामन्यानंतर समोरच्या संघातल्या एका तरुण खेळाडूने रॉजर्सकडे त्याची जर्सी मागितली, तशी पद्धत आहे. तो म्हणाला, ही मी ठेवतो. मग कॉबच्या खांद्यावर हात टाकून आत गेला. फेब्रुवारीत तो ओरेगॉनमध्ये काळोख्या खोलीत काही दिवस एकटा राहून आला. जाताना निवृत्तीचंच मनात होतं, बाहेर आल्यावर कळलं की संघ आपल्याला द्यायला निघालाय, असं त्याने सांगितलं. गुटेकुन्स्ट म्हणाले, आम्ही त्याला सारखे फोन करत होतो, तो मिळतच नव्हता. रॉजर्स म्हणाला, माझ्या घरी रेंज नाही. तीन वर्षांपूर्वी इकडून फोन गेला नव्हता, आता तिकडून उचलला जात नव्हता. अठरा सीझन एका छपराखाली काढलेली माणसं. त्या दोन फोनांविषयी मी अजून विचार करते. लव्हला घेणं चूक होतं असं मला वाटत नाही; संघाने उद्याचं बघायलाच हवं, नाहीतर गावाची ही शंभर वर्षांची ठेव बुडेल. पण निवडीच्या आदल्या संध्याकाळी पाच मिनिटांचा फोन करायला कुठल्या मर्यादेची आडकाठी होती?

एप्रिलमध्ये तो जेट्सकडे गेला. फार्व्ह गेला होता त्याच संघात. ११ सप्टेंबरच्या रात्री चौथ्या चालीला त्याच्या टाचेची शीर तुटली. आम्ही मिलमधले बरेच जण एका ठिकाणी बसून बघत होतो. एकजण हसला. बाकी कुणी हसलं नाही, आणि तोही लगेच गप्प झाला.

फार्व्हला गावाने परत घेतलं त्याला सात वर्षं लागली. १८ जुलै २०१५ ला त्याचा सन्मान झाला तेव्हा नुसत्या पडद्यावर बघायला सदुसष्ट हजार माणसं लॅम्बोवर जमली होती, मीही होते. नोव्हेंबरमध्ये थँक्सगिव्हिंगच्या रात्री त्याचा चार नंबर सन्मानाने स्टेडियमवर लागला आणि मैदानात बार्ट स्टारला आणलं. ८१ वर्षांचा, पक्षाघाताचे झटके सोसलेला, या संघाला पहिले दोन सुपर बोल जिंकून देणारा क्वार्टरबॅक. आजोबांनी तेव्हा मला सांगितलं की या स्टारलासुद्धा पॅकर्सनी १९८३ मध्ये काढून टाकलं होतं, नऊ वर्षं कोच राहिल्यावर. तरी तो आला होता. पुढे फार्व्हचं नाव मिसिसिपीतल्या गरिबांच्या निधीच्या प्रकरणात निघालं, दिवाणी दावा झाला. फौजदारी आरोप झाला नाही, पण इथल्या कित्येकांच्या मनात पुन्हा गाठ बसली. २०२४ मध्ये त्याने संसदेपुढे सांगितलं की आपल्याला पार्किन्सन झालाय. आजी म्हणाल्या, कितीदा डोक्यावर पडला तो, आपल्यासाठी. आजोबा तोवर नव्हते.

संघाचे अध्यक्ष मार्क मर्फी २०२५ च्या जुलैमध्ये निवृत्त झाले. सत्तरी गाठली की पद सोडायचं, असा नियमच आहे. सगळ्यांना ते आधीपासून ठाऊक होतं, उत्तराधिकारी एड पॉलिसी यांचं नाव वर्षभर आधी जाहीर झालं, भाषणं झाली, सगळं रीतसर. मर्फी स्वतः एकेकाळचे खेळाडू, १९८२ च्या संपात खेळाडूंच्या बाजूने उभे राहिलेले. खुर्चीवरच्या माणसाचा निरोप कसा करायचा हे या संस्थेला उत्तम जमतं. चेंडू फेकणाऱ्याच्या बाबतीत मात्र दोनदा जमलं नाही, आणि जॉर्डन लव्हचं वय वाढतंय. २०२४ च्या सरावाला तो यायचा, पण करार होईपर्यंत सरावात उतरला नाही. मग चार वर्षांच्या २२ कोटींवर सही झाली. तेव्हा कुणी कुणावर रागावलं नाही. तो अजून तरुण आहे.

या वर्षीच्या मतपत्रिकेबरोबर मी पत्र पाठवणार आहे. पॉलिसी आणि गुटेकुन्स्ट, दोघांच्या नावे. लव्हच्या जागी पुढेमागे कुणाला तरी आणावं लागेल, ते मला मान्य आहे. त्या खेळाडूचं नाव पुकारण्याआधी लव्हला फोन जाईल, हे आत्ताच लिहून ठेवा, आणि तो फोन कोण करणार त्याचं नावही लिहा, एवढंच मी मागणार आहे. मसुदा आजींना वाचून दाखवला. त्यांनी आजोबांच्या शेअरवरची सहीही त्यात घालता येते का, म्हणून विचारलं.